मोटारीचा दिवा आणि समोरच्याचे डोळे

शेतीच्या मासिकात मोटारीच्या दिव्यांची चर्चा कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात प्रथमदर्शनी उभा राहील. बी-बियाणे, खते, हळदीवरील करपा व उसाचा भाव हे विषय समोर असता काचेच्या एका लहानशा बल्बवर पाने खर्चावयाची, हे काहींस विचित्रही वाटेल. परंतु वसमत तालुक्यातील शेतकऱ्याच्या रात्री हल्ली कोठे जातात, याचा जो विचार करील त्यास हा विषय शेतीच्या बाहेरचा वाटणार नाही. दिवाळी सरली की बसमतनगर येथील पूर्णा सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो, आणि उसाने लादलेल्या टायरगाड्या व दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर येतात. उन्हाळा लागला की हळद शिजवून, वाळवून मोंढ्यात न्यावयाची असते. सकाळच्या लिलावात नंबर लागावा म्हणून पिकअप गाड्या मध्यरात्रीच गाव सोडतात. शेतीपंपाची वीज रात्रपाळीस आली म्हणजे पाणी देण्यासाठी मोटारसायकलीवर बसून आखाड्याची वाट धरावी लागते. या सर्वांच्या वाटा शेवटी परभणीहून वसमतवरून नांदेडास जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ ला, किंवा औंढा नागनाथाकडे जाणाऱ्या रस्त्याला, कोठे ना कोठे मिळतात. सारांश, रात्रीचा रस्ता हा आज आपल्या शेताचाच एक भाग झाला आहे, आणि त्या भागात आपल्यापाशी औत एकच, ते म्हणजे दिवा.

महसूल खात्यात कारकुनी करीत असता आमच्या टेबलावरून वारसाच्या नोंदींचे कागद पुष्कळ गेले. म्हाताऱ्या खातेदाराचे नाव कमी होऊन मुलांची नावे लागणे हा निसर्गाचा क्रम होय. त्याचे कोणास नवल नाही. परंतु तिशी-पस्तिशीतील कर्त्या पुरुषाचे नाव सातबाऱ्यावरून कमी होऊन तेथे विधवा पत्नी व अज्ञान मुले लागतात, तेव्हा तो कागद लिहिणाऱ्याचाही हात क्षणभर थांबतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसास शासन २ लाख रुपये देते. ही मदत योग्यच आहे. परंतु तिच्या प्रस्तावास जोडलेला घटनास्थळाचा पंचनामा वाचावा तो पुष्कळदा तेच दिसते : वेळ रात्रीची, समोरून येणाऱ्या वाहनाचा लखलखीत प्रकाश, आणि त्या प्रकाशाच्या आड उभी असलेली न दिसलेली ट्रॉली. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बाजारात दिवा घेण्यास गेले असता काय घडते ते वाचकांस ठाऊक आहेच. दुकानदार म्हणतो, “काका, हा पांढरा एलईडी टाका, रात्रीचा दिवस होईल.” पेटीवर वीस हजार ल्युमेनचा आकडा छापलेला असतो. दुकानात भिंतीवर झोत पाडून दाखविला की डोळे दिपतात, आणि घेणाऱ्यास वाटते की हाच तो चांगला दिवा. आमचे म्हणणे असे की, चांगल्या दिव्याची ही परीक्षाच मुळी चुकीची आहे. दिवा किती चमकतो यावर त्याची किंमत ठरत नाही. प्रकाश पाहिजे तेथे किती पडतो आणि नको तेथे किती जात नाही, यावर ती ठरते. शेतात पाणी किती सोडले यापेक्षा ते सरीत गेले की धुऱ्यावरून शेजाऱ्याच्या रानात गेले, हे जसे पाहावे लागते, तसेच हे आहे.

हे नीट समजण्यास दिव्याची रचना थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडील पुष्कळशा जीपगाड्या, पिकअप व लहान मोटारी यांत जो हॅलोजन बल्ब असतो त्यास एच-४ म्हणतात. हा प्रकार युरोपात १९७१ साली प्रचारात आला. त्यात दोन तारा असतात. एक वरच्या झोताची, ज्यास चालक ‘अप्पर’ म्हणतात, व दुसरी खालच्या झोताची, ज्यास ‘डिपर’ म्हणतात. वरच्या झोताची तार ६० वॉटची व खालच्याची ५५ वॉटची असते. खालच्या तारेच्या तळाशी धातूची एक इवलीशी वाटी बसविलेली असते. तिच्यामुळे त्या तारेचा प्रकाश परावर्तकाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून परतून रस्त्याकडे खाली जातो. भिंतीवर हा झोत पाडला तर वरच्या अंगास एक स्पष्ट कड दिसते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून ही कड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूस, सपाट व खाली ठेवलेली असते. आणि डावीकडे, म्हणजे साइडपट्टी, पादचारी व गाडीवान यांच्या बाजूस, ती थोडी वर चढविलेली असते. या रचनेत तारेची जागा परावर्तकाशी अत्यंत सूक्ष्म मापाने जुळविलेली असते. तार किंचितही सरकली तर कड मोडते, आणि जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो झाडांच्या शेंड्यावर व समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता हॅलोजनसाठी बनविलेल्या अशा दिव्यात बाजारचा एलईडी बल्ब खुपसला म्हणजे काय होते ते पाहा. एलईडीस तार नसते. तीत चपट्या पट्टीच्या दोन बाजूंस प्रकाशाचे दाणे बसविलेले असतात. त्यांचा आकार, जाडी व जागा मूळच्या तारेशी क्वचितच जुळते. त्यामुळे प्रकाश पुष्कळ, परंतु कड नाही, अशी स्थिती होते. गाडीच्या पुढील दहा-पंधरा मीटर रस्ता पांढराशुभ्र उजळतो व चालकास समाधान वाटते; पण जवळचा रस्ता असा झगझगीत झाला की डोळ्याची बाहुली आकसते, आणि दूरचे, जे वेळेवर दिसणे खरोखर जरूर आहे, ते उलट अधिक काळे पडते. शिवाय अशा बल्बच्या मागे पंखा असतो. तो बसावा म्हणून दिव्याच्या पाठीमागील रबरी टोपी कित्येक ठिकाणी कापतात किंवा काढून टाकतात. मग उसाच्या हंगामातील फुफाटा व पावसाळ्यातील ओल दिव्याच्या आत शिरते, आणि वर्षा-दोन वर्षांत परावर्तकाची चकाकीच जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे न्यायाचे होईल. कारखान्यातूनच एलईडी दिवे बसवून आलेल्या नव्या मोटारींविषयी आमची तक्रार नाही. तेथे परावर्तक व भिंग एलईडीसाठीच घडविलेले असते. योग्य रीतीने रोखलेले असता ते दिवे उत्तम काम देतात. तक्रार आहे ती जुन्या घरात नवा खांब ठोकण्याविषयी. जर्मनीसारख्या देशात, जेथे मोटारींची विद्या शतकाहून अधिक जुनी आहे, तेथेही हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब रस्त्यावर वापरण्यास पहिली परवानगी २०२० साली मिळाली. आणि तीही सरसकट नव्हे, तर ज्या ज्या मोटारीच्या दिव्यात तो बल्ब घालून तपासला, त्या त्या मोटारींच्या यादीपुरती. आपल्या गल्लीतील दुकानात मात्र कोणताही बल्ब कोणत्याही गाडीस ‘बरोबर बसतो’. खाचेत बसणे निराळे आणि मापात बसणे निराळे, हा भेद शेतकऱ्याने तरी विसरू नये. मोजणीचा दगड कोठेही पुरता येतो. म्हणून हद्द तेथे जात नाही.

दुसरा मोह अधिक वॉटच्या हॅलोजनचा. ६०/५५ च्या जागी १००/९० वॉटचा बल्ब घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. हिशेब साधा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६० वॉटचे दोन बल्ब मिळून १० अँपिअर वीज ओढतात. १०० वॉटचे दोन सुमारे १७ अँपिअर ओढतात. मूळची वायर, बटण व होल्डर इतक्या भाराकरिता केलेले नसतात. होल्डर वितळतो, वायर तापते, आणि प्रसंगी आग लागते. मोटारसायकलीच्या बाबतीत तर हा अविचार अधिकच होय. तिच्यात पुष्कळदा एचएस-१ नावाचा ३५/३५ वॉटचा बल्ब असतो, त्याची बैठक एच-४ सारखीच दिसते, म्हणून लोक तेथे ६० वॉटचा बल्ब चढवितात. मग बॅटरी उतरते, प्लॅस्टिकचा परावर्तक करपतो, आणि आखाड्याच्या वाटेवर गाडी व दिवा दोन्ही एकदमच मुकतात.

याउलट आहे त्याच बल्बचा पुरा प्रकाश घेण्याकडे आपले लक्ष नसते. एच-४ च्या दर्जेदार बल्बपासून १३.२ व्होल्टवर वरच्या झोतास सुमारे १,६५० व खालच्या झोतास सुमारे १,००० ल्युमेन प्रकाश मिळावयास पाहिजे. परंतु हॅलोजनची खोड अशी आहे की दाब थोडा उतरला तरी प्रकाश फार उतरतो. दाबात १० टक्के घट झाली तर प्रकाशात सुमारे ३० टक्के घट होते. गंजलेले अर्थिंग, सैल झालेली क्लिप, जुनी बारीक वायर यांमुळे एवढा दाब वाटेतच खर्ची पडणे काही अवघड नाही. म्हणून ज्याचा दिवा मंद वाटतो त्याने प्रथम चांगल्या मिस्त्रीकडून बल्बच्या टोकावरील दाब मोजून घ्यावा, अर्थिंग घासून घट्ट करावे, आणि जरूर तर रिले बसवून बॅटरीपासून दिव्यास स्वतंत्र वायर द्यावी. नव्या बल्बवर खर्च करण्यापूर्वी एवढे केले तर कित्येकांस नव्या बल्बची गरजच उरणार नाही.

तसाच विचार दिव्याच्या काचेचा. हल्ली ती काच नसून एक प्रकारचे प्लॅस्टिक असते, आणि उन्हाने ते कालांतराने पिवळट व धुरकट होते. अमेरिकेतील मोटारवाल्यांच्या एएए या संस्थेने २०१८ साली अशी जुनी झालेली भिंगे तपासली, तेव्हा काहींतून नव्या दिव्याच्या मानाने अवघा २२ टक्के प्रकाश बाहेर पडतो असे आढळले. आमच्या मराठवाड्याच्या उन्हात दारापुढे उभ्या राहिलेल्या गाडीची याहून बरी अवस्था असेल, असे मानण्यास आधार नाही. अशा भिंगामागे कितीही भारी बल्ब लावला तरी तो मळलेल्या कंदिलात मोठी वात घालण्यासारखाच प्रकार होय. भिंग जाणकाराकडून घासून घ्यावे व वर संरक्षक लेप द्यावा. ते फारच गेले असेल तर बदलावे. उसाच्या हंगामात तर रोज संध्याकाळी निघण्यापूर्वी दिवे व समोरची काच ओल्या फडक्याने पुसण्याचा परिपाठ ठेवावा. त्यास पैसाही पडत नाही.

रंगाविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. साधा हॅलोजन किंचित पिवळसर, सुमारे ३,२०० केल्विनचा असतो. बाजारचे एलईडी बहुधा ६,००० केल्विनच्या घरात, निळसर पांढरे असतात. पांढरा म्हणजे अधिक, ही समजूत खरी नाही. हॅलोजनच्या काचेस निळा रंग चढवून जे ‘पांढरे’ बल्ब विकतात त्यांत तो रंग प्रकाशाचा काही भाग गिळून टाकतो. दाम जास्त व उजेड कमी, असा तो सौदा आहे. पुन्हा निळसर प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांस तेवढ्याच पिवळसर प्रकाशापेक्षा अधिक खुपतो. दुसऱ्या बाजूस पिवळा दिवा धुके फोडून जातो, असाही एक समज आहे. फ्रान्स देशात १९३६ सालापासून १९९३ पर्यंत मोटारींचे पुढील दिवे पिवळे असावेत असा नियमच होता. पुढे तो सोडून देण्यात आला. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाचा फरक तेथे फारसा पडत नाही. धुक्यात उपयोगी पडते ते झोत खाली ठेवणे व वेग उतरविणे. तात्पर्य, रंगाच्या नादी न लागता रंगहीन काचेचा बल्ब घ्यावा.

मग घ्यावयाचा तरी कोणता? आमचे मत येणेप्रमाणे आहे. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार व जितके वॉट लिहिले असतील तेच घ्यावे. नावाजलेल्या कारखान्याचा, काच रंगहीन असलेला, बुडावर वर्तुळात ‘ई’ अक्षराची प्रमाणखूण असलेला बल्ब घ्यावा. त्याच वॉटमध्ये थोडा अधिक प्रकाश देणारे सुधारलेले हॅलोजनही मिळतात. ज्यास रात्रीचा प्रवास फार त्याने ते वापरण्यास हरकत नाही, मात्र ते लवकर जातात हे ध्यानात ठेवावे. बल्ब नेहमी जोडीने बदलावे, म्हणजे एक डोळा सतेज व दुसरा निस्तेज असा प्रकार होत नाही. बसविताना बल्बच्या काचेस बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापून बल्ब अकाली जातो. लागलेच तर स्पिरिटने पुसून घ्यावे.

बल्ब बसविल्यावर दिवा रोखला पाहिजे. ही गोष्ट आमच्याकडे शंभरात एखादाच करीत असेल, आणि खरे हित तिच्यातच आहे. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढावी. खालच्या झोताची कड त्या रेघेच्या सुमारे १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच, खाली पडावयास पाहिजे. वर पडत असेल तर दिव्यामागील स्क्रू फिरवून ती खाली आणावी. आणखी असे की, ही परीक्षा रिकाम्या गाडीवर केली व मग मागे हळदीची पोती भरली, तर मागचा भाग दबून पुढचे दिवे आपोआप वर उचलले जातात. पुष्कळ गाड्यांत याकरिता चालकापाशी आकडे लिहिलेली एक चकती असते. भार असता ती फिरवून झोत खाली करता येतो. ती चकती कशासाठी आहे हेच ठाऊक नसलेले चालक आम्ही अनेक पाहिले आहेत.

यावर आमचे काही मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, काळी म्हैस, डांबरी रस्ता व काळ्या घोंगडीतला माणूस हॅलोजनच्या उजेडात दिसतच नाही. मग जास्त प्रकाश नको तर काय करावे? आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्याचे उत्तर बल्बमध्ये नसून वेगात आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदास सुमारे १७ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर, व चांगल्या कोरड्या रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी २० मीटर, मिळून ४५ मीटर लागतात. ताशी ८० ला हाच हिशेब ६८ मीटरच्या घरात जातो. खालच्या झोतात काळा पदार्थ पन्नास-साठ मीटरच्या पलीकडे क्वचितच ओळखू येतो. म्हणजे खालच्या झोतावर ताशी ८० ने जाणारा मनुष्य वस्तुतः डोळे मिटून चालला आहे. समोर कोणी नसता वरचा झोत मोकळेपणाने वापरावा, तो त्याचसाठी दिला आहे. कोणी येताच खाली घ्यावा व वेगही उतरवावा. याहून दुसरा उपाय कोणत्याही पेटीत मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. “समोरचा सगळा जोर माझ्या डोळ्यांत घालतो, मी एकट्याने सभ्यपणा का पाळावा?” असे पुष्कळजण विचारतात. आम्ही त्यांस एवढेच विचारतो की, शेजाऱ्याने धुरा कोरला म्हणून आपण पलीकडच्या शेजाऱ्याचा कोरावा काय? आणि रस्त्यावरचा हिशेब तर धुऱ्याहूनही कठोर आहे. ज्याचे डोळे आपण दिपविले तो तीन सेकंद जरी आंधळा झाला, तरी ताशी ६० वेगाने तो तेवढ्यात ५० मीटर अंतर आंधळेपणाने कापतो. आणि ज्या दिशेने तो येतो त्या दिशेस आपणच असतो. समोरच्यास आंधळा करणे म्हणजे त्याच्या हातातील पिकअप आपल्यावर सोडणे होय. शिवाय वयाचाही विचार करावा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतील माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, दिपलेले डोळे पूर्ववत होण्यास त्यास अधिक वेळ लागतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात झाली असेल तर समोरचा दिवा डोळ्यांत पसरून सारे पांढरे करून टाकतो. आपल्या गावातील किती ट्रॅक्टर व पिकअप पन्नाशी उलटलेल्या हातांत आहेत, याचा प्रत्येकाने मनाशी हिशेब करावा. अशांनी दिवा बदलण्याआधी डोळे तपासून घ्यावेत, असे आमचे त्यांस आग्रहाचे सांगणे आहे. आणि तरुणांनी त्यांच्या डोळ्यांची दया करावी.

कायद्याचेही म्हणणे हेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ दिव्यांच्या झोताविषयी आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील तो मनुष्य दिपणार नाही, असा झोत कायमचा खाली वळविलेला असावा, किंवा चालकास तो तसा खाली करता यावा, असा त्याचा आशय आहे. दीड मीटर उंची म्हणजे रस्त्याने पायी चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. नियम करणाऱ्याने पायी चालणाऱ्याचे डोळे मापास धरले, ही गोष्ट आम्हांस फार समर्पक वाटते. कारण आपल्या रस्त्यावर पायी चालणारा म्हणजे कोण? रात्रपाळीच्या पाण्यास निघालेला आपलाच भाऊबंद, किंवा गाडीपुढे बैल धरून चाललेला ऊसतोड कामगार.

आता शेवटचा व आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुढचा दिवा कितीही उत्तम असला तरी मागून काहीच न दिसणारी ट्रॉली तो वेळेवर दाखवू शकत नाही. जुन्या काळी रात्रीच्या बैलगाडीच्या आखाशी कंदील टांगण्याची रीत होती; तो कंदील गाडीवानास रस्ता दिसावा म्हणून जेवढा होता, त्याहून अधिक मागून येणाऱ्यास गाडी दिसावी म्हणून होता. लाकडी चाके जाऊन रबरी टायर आले, घोड्यांच्या टांग्याऐवजी ताशी ८० ने धावणाऱ्या मोटारी आल्या, आणि नेमका त्याच वेळी तो कंदील मात्र गेला. हल्ली चकाकणारी जी परावर्तक पट्टी मिळते ती मोटारीचा प्रकाश जेथून आला तेथेच परत पाठविते. साध्या ५५ वॉटच्या खालच्या झोतातही ती दूरवरून चमकते. ट्रॉलीच्या मागे तांबडी, बाजूस पिवळी पट्टी लावावी. टायरगाडीच्या मागील आडव्या लाकडास व जमल्यास बैलांच्या शिंगांनाही ती गुंडाळावी. ऊस मागे लोंबून पट्टी झाकली जाते, म्हणून भरताना ती मोकळी ठेवण्याची काळजी घ्यावी. आणि ट्रॅक्टरच्या मागील बाजूस नांगरटीकरिता जो पांढरा दिवा असतो तो रस्त्यावर येताच बंद करावा. मागून येणाऱ्यास तो समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा वाटतो, आणि त्याच्या झगझगाटात ट्रॉलीचा आकारच हरवून जातो.

या सर्वांस एकट्या शेतकऱ्याचे प्रयत्न पुरणार नाहीत. म्हणून आपल्या संस्थेपुढे आम्ही एक सूचना ठेवितो. दरवर्षी गळीत हंगामापूर्वी एक दिवस ठरवून, सपाट पटांगण व चुन्याने रंगविलेली एक भिंत एवढ्याच साहित्यावर, सभासदांच्या गाड्यांचे दिवे रोखून देण्याची सोय करावी. एक जाणता मिस्त्री, एक व्होल्टमीटर, मोजपट्टी व खडू, याहून अधिक काही लागत नाही. त्याच दिवशी संस्थेने घाऊक दराने परावर्तक पट्टी आणून ट्रॉलीमालक व टायरगाडीवाले यांस लावून द्यावी. कारखान्यानेही वजनकाट्यावर गाडी घेताना मागची पट्टी आहे की नाही एवढे पाहण्याचा नियम करावा. वजनकाट्याजवळ प्रत्येक गाडीस थांबावेच लागते. तेथे घेतलेल्या एका क्षणाच्या तपासणीने जे साधेल ते महामार्गावर दहा चौक्या बसवूनही साधणार नाही.

झगझगीत दिवा मिरविण्याची हौस तरुणांस असते, ती आम्ही समजू शकतो. परंतु शेतकऱ्याची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या हद्दीत पाय न टाकता आपले काम पुरे करण्यात आहे. आणि रस्त्याच्या उजव्या अर्ध्या भागातील अंधार हा समोरून येणाऱ्याच्या मालकीचा आहे. तो त्याच्यापाशी राहू द्यावा. आपल्या वाट्याच्या डाव्या बाजूवर नीट रोखलेला, पुसलेला, नियमाच्या वॉटचा दिवा असावा, मागे तांबडी पट्टी असावी, आणि वेग दिव्याच्या पल्ल्यात असावा. येत्या हंगामात एवढे जरी आपल्या तालुक्यात घडले, तरी तहसील कचेरीतील कोण्या कारकुनास अकाली लिहावा लागणारा वारसाचा एखादा कागद वाचेल, अशी आम्हांस आशा आहे.